यॉर्कशायरमधली एक जुनी रेक्टरी: हिला निओ-क्लासिकल म्हणायचं का?

ढगाळहवा

यॉर्कच्या आसपासच्या खेड्यांतून भटकताना एक गोष्ट सारखी दिसते. चर्च एवढंसं, गाव त्याहून एवढंसं, आणि झाडीआड एक भारदस्त घर. फाटकावर पाटी: ‘द ओल्ड रेक्टरी’, म्हणजे जुनं पाद्रीघर. दार बरोब्बर मधोमध, दोन्ही बाजूंना सारख्या खिडक्या, वर उतरतं छप्पर. आपल्या जुन्या डाकबंगल्यांचा थोरला भाऊ शोभावा असं. पाद्री आता तिथे राहत नाही. तो जवळच्याच एखाद्या साध्या, अलीकडच्या घरात असतो, आणि जुन्या घरात कुणी निवृत्त वकील नाहीतर बँकवाला.

प्रश्न आहे फॉस्टनच्या रेक्टरीबद्दल: तिला निओ-क्लासिकल, म्हणजे ग्रीक-रोमन वळणाची, म्हणायचं का? यॉर्कच्या ईशान्येला, कासल हॉवर्ड या महालापासून जवळ. सिडनी स्मिथ नावाच्या पाद्र्याने १८१३-१४ मध्ये ती स्वतः आखून बांधून घेतली. हा माणूस लंडनमध्ये गाजलेला वक्ता आणि विनोदी लेखक होता, ‘एडिंबरो रिव्ह्यू’ या नियतकालिकाच्या संस्थापकांपैकी एक. १८०६ मध्ये त्याला फॉस्टनचं रेक्टरपद मिळालं, पण तो राहायचा लंडनला. १८०३ च्या कायद्याने पाद्र्यांनी आपल्या गावात राहावं अशी सक्ती आली आणि यॉर्कच्या आर्चबिशपने याला लंडनहून उचलून इकडे आणलं. त्याच्याच शब्दांत, फॉस्टनमध्ये त्याआधी दीडशे वर्षं कुणी पाद्री राहिलाच नव्हता. राहायला काय होतं? विटांच्या जमिनीचं एक स्वयंपाकघर आणि त्यावर एक खोली.

त्याने वास्तुविशारद बोलावला. आराखडे आले ते दिवाळं काढणारे. तेव्हा स्मिथ म्हणाला, ‘तुम्ही कीर्तीसाठी बांधता, मी वापरासाठी’, हातावर पंचवीस पौंड ठेवले आणि आराखडे परत केले. मग नवराबायकोने बसून काही तासांत स्वतःच नकाशा काढला.

आमच्या ऑफिसातला एक मित्र म्हणतो, ग्रीक देवळाचा थाट कुठे दिसत नाही, मग कसलं निओ-क्लासिकल? विटांची पेटी आहे ती. मला ते पटत नाही, पण का पटत नाही हे सांगता येत नाहीये. जाणकारांनी सांगावं. आणि दुसरं, गावच्या पाद्र्याला एवढं घर परवडायचं कसं?

माहीम_हलवा

फोटो?

ढगाळहवा

घर खासगी आहे. लोकांच्या घराचे फोटो काढून इथे टाकणं बरं दिसत नाही.

तिरकीवीट

पेशाने आर्किटेक्ट आहे म्हणून राहवत नाही, थोडं लांबेल.

खांब आणि त्रिकोणी शिखर हे या शैलीचे दागिने. दागिने काढले तरी हाडं तीच राहतात. अठराव्या शतकात हर्क्युलेनियम आणि पॉम्पेई या गाडल्या गेलेल्या रोमन शहरांची खोदकामं सुरू झाली. स्टुअर्ट आणि रेव्हेट हे दोघे इंग्रज वास्तुविशारद अथेन्सला जाऊन तिथल्या इमारती मोजून आले, त्यांच्या मोजमापांचा पहिला खंड १७६२ मध्ये निघाला. तिथून श्रीमंतांच्या घरांना डोरिक, आयोनिक असे ग्रीक वळणाचे खांब फुटायला लागले. खेड्यापर्यंत पोचला तो मात्र त्याखालचा हिशोब: मधला अक्ष, दोन्ही बाजू सारख्या, भिंत मोकळी आणि सपाट, खिडकीच्या रुंदीला उंचीचं ठरलेलं प्रमाण. गावचे सुतार-गवंडी छापील नमुन्यांची पुस्तकं बघून बांधायचे. त्यांना व्हिट्रूव्हियस, म्हणजे वास्तुकलेवर लिहिणारा जुना रोमन लेखक, वाचायची गरज नव्हती.

अशा घरासमोर उभं राहिलात तर खिडक्या बघा. तळमजल्याच्या उंच, पहिल्या मजल्याच्या त्याहून कमी, दुसरा मजला असेल तर तिथल्या जवळजवळ चौकोनी. भिंतीवर काही कोरीव नसतं, तरी घर डौलदार दिसतं ते या उतरत्या मापांमुळे. एखादी खिडकी नुसती कोनाड्यासारखी बुजवलेली दिसते. गाईड लोक लगेच खिडक्यांच्या कराची गोष्ट सांगतात. कर होता खरा, १६९६ पासून १८५१ पर्यंत. पण बऱ्याच आंधळ्या खिडक्या पहिल्या दिवसापासून आंधळ्याच असतात. आत जिना किंवा धुराडं आलं आणि बाहेर तोल तर साधायचा आहे, म्हणून.

आतली मांडणी बहुतेक ठिकाणी एकच. मधे बोळ आणि जिना, पुढे दोन खोल्या, मागे दोन, वर तेच. स्वयंपाकघर, धुणं, दूधदुभतं मागच्या अंगाला. आणि फक्त पाद्र्याच्या घरात असते ती अभ्यासिका, शक्यतो दाराजवळ. पुष्कळदा तिला बाजूने वेगळं दार ठेवलेलं असतं, म्हणजे गावकरी चिखलाच्या बुटांनी दिवाणखान्यातून जायला नको.

मोठ्या नावांनीही ही कामं केली आहेत. बँक ऑफ इंग्लंडची इमारत बांधणारा वास्तुविशारद जॉन सोन तरुण असताना, १७८० च्या दशकात, त्याने नॉरफोकमध्ये सॅक्सलिंगहॅमची रेक्टरी बांधली. ती बघितली की कळतं, पाद्र्याचं घर म्हणजे या शैलीच्या शिकाऊ उमेदवारांची प्रयोगशाळा होती. मध्यम आकार, मध्यम पैसा, गिऱ्हाईक शिकलेलं.

तेव्हा मित्राला सांगा, पेटी आहे हे बरोबर. पण कुठलीही पेटी नाही.

चिंचपेटी

तिरकीवीट, मस्त. पैशांचं मी सांगते, इतिहास शिकवते त्यामुळे हे पाठ आहे.

रेक्टरला गावच्या उत्पन्नाचा दहावा हिस्सा मिळायचा, त्यातला मोठा वाटा म्हणजे धान्य, गवत, लाकूड. व्हिकार म्हणजे दुसऱ्या प्रकारचा गावचा पाद्री, त्याच्या वाट्याला उरलंसुरलं: कोकरं, अंडी, भाजीपाला. म्हणून व्हिकारेजपेक्षा रेक्टरी सहसा थोराड असते. शिवाय चर्चची स्वतःची जमीन. नेपोलियनच्या युद्धांत धान्याचे भाव कडाडले आणि रेक्टर मंडळींचे दिवस पालटले. १७८० ते १८२० मध्ये इतकी पाद्रीघरं नव्याने उठली त्याचं हे एक मोठं कारण. १८३६ च्या कायद्याने तो हिस्सा रोख रकमेत बदलला.

पण भाव चढलेले असले तरी घर बांधायला एकरकमी पैसा लागतो. १७७६ च्या कायद्याने पाद्र्याला त्या पदाच्या पुढच्या उत्पन्नावर कर्ज काढायची मुभा दिली. क्वीन अॅन्स बाउंटी नावाचा १७०४ पासूनचा निधी होता, तोही कर्ज द्यायचा. स्मिथनेही त्यातूनच उचललं. आणि हे कर्ज माणसावर नव्हे, पदावर. हा पाद्री गेला की पुढचा हप्ते भरणार!

माहीम_हलवा

म्हणजे सोसायटीच्या जुन्या कमिटीने कर्ज काढायचं आणि नव्या कमिटीने फेडायचं. ओळखीचं वाटतंय.

चिंचपेटी

त्याहून वाईट. घर पाद्र्याच्या मालकीचं नसायचं. तो गेला किंवा मेला की नवा पाद्री पडझडीचा हिशोब काढून जुन्याकडून, नाहीतर त्याच्या विधवेकडून, दुरुस्तीचे पैसे मागू शकायचा. यावरून होणारी भांडणं वाचली की वाटतं धर्म बाजूलाच राहिला.

मला तर वाटतं, या घरांच्या रूपाचं खरं उत्तर इथेच आहे. स्वतःचं घर असतं तर माणसाने हौस केली असती, बुरूज काढले असते. पुढे कोण येणार माहीत नाही, त्याला किती मुलं माहीत नाही, पैसे देणारा निधी नकाशावर नजर ठेवून. मग कुणालाही चालेल असंच घर बांधणार ना? चार खोल्या खाली, चार वर, मधे दार.

कुंभारवाडा

माझ्या घरी तीन पिढ्या वीटभट्टी आहे, म्हणून त्या स्मिथबद्दल कुतूहल. त्याने विटा कुठून आणल्या?

ढगाळहवा

हा किस्सा तुमच्यासाठीच आहे. शेजाऱ्यांनी सल्ला दिला, माती तुमची आहे, विटा घरीच पाडा. गावाचं नावच फॉस्टन-ल-क्ले, म्हणजे चिकणमातीचं फॉस्टन. याने पाडल्या. भट्टी उघडली तर सगळ्या वाया! मग घोड्यावर टांग मारली आणि चोवीस तासांत हजारो विटा आणि टनावारी लाकूड विकत घेऊन आला.

कुंभारवाडा

साहजिक आहे. नुसती चिकण असली की वीट सुकतानाच आकसते आणि तडकते. त्यात वाळू, राख, भुसा घालून माती हलकी करावी लागते. पहिल्या भट्टीत हात पोळल्याशिवाय कुठल्या मातीला काय लागतं ते कळत नाही, आमच्या आजोबांचीही पहिली भट्टी अशीच गेली होती म्हणतात. आणि तिकडे तर पावसाचा भरवसा नाही, कच्च्या विटा वाळणार कधी?

तिरकीवीट

शिवाय विटांवर कर होता. १७८४ मध्ये लागू झाला, हजाराला अडीच शिलिंग, पुढे वाढत गेला, १८५० ला उठला. कर नगावर, म्हणून काही हुशार लोकांनी मोठाल्या विटा पाडल्या. मग सरकारने मोठ्या विटांवर जास्त कर लावला. वाया गेलेल्या विटांनी स्मिथला किती पोळलं असेल बघा.

माहीम_हलवा

जीएसटी आठवला.

ढगाळहवा

माहीम_हलवा, करांवर स्मिथने १८२० मध्ये जे लिहिलंय ते आजही वाचून हसू येतं. मरणाऱ्या इंग्रजाने सात टक्के कर भरलेलं औषध पंधरा टक्के कर भरलेल्या चमच्यात ओतायचं, आणि पुढे थेट शवपेटीपर्यंत यादी चालते.

नांगरट

मी कधी लिहीत नाय, नुसता वाचतो. पण विटा वाहायला काय होतं तेवढं सांगा. बैल होते का घोडे?

ढगाळहवा

नांगरट, बैल! आसपासच्या जमीनदारांनी सांगितलं बैल घ्या. याने चार घेतले. नावं ठेवली टग, लग, हॉल आणि क्रॉल. म्हणजे साधारण ओढ्या, खेच्या, फरफट्या आणि रांगत्या. पहिले दोघे चक्कर येऊन पडायचे, त्यांना शुद्धीवर आणायला बादल्या भरभरून औषध हुंगवावं लागायचं, आणि उरलेले दोघे चिखलात बसकण मारायचे. अर्थात हे त्याचं वर्णन आहे, मीठमसाला धरून चाला. शेवटी बैल विकले, घोडे घेतले. आणि वर लिहिलं, जमीनदाराऐवजी आधीच शेतकऱ्याला विचारायला हवं होतं.

नांगरट

आवो बैलाचा काय दोष. शिकवलेले नसतील, चार जागचे चार आणले असतील. जोडी जमायला हंगाम जातो. पहिल्याच दिवशी विटांची गाडी चिकणमातीत घातल्यावर बसंल नायतर काय. आमच्या काळ्या रानात जूनमधी रिकामी गाडी रुतती. ‘रांगत्या’ नाव ठेवल्यावर त्यो तरी कशाला पळंल?

माहीम_हलवा

नांगरट यांनी अधिक लिहावं अशी विनंती. बाकी धागा कुठेही जाऊ दे.

कडीकोयंडा

रस्ता किती वाईट होता याचा आणखी एक पुरावा. कासल हॉवर्डचे लॉर्ड आणि लेडी कार्लाइल चार घोड्यांच्या गाडीतून पहिल्यांदा भेटायला आले, ते थेट नांगरलेल्या शेतात रुतले. पुढे घट्ट मैत्री झाली. एकीकडे वास्तुविशारद व्हॅनब्रूने उभा केलेला घुमटवाला प्रचंड बरोक महाल, आणि काही मैलांवर ही पेटी.

गवंडीकाका

मला स्मिथच्या हकीकतीतलं एक वाक्य खटकलं होतं. भिंतींवरून पाणी ओघळत असताना तो सहा महिन्यांचं बाळ घेऊन राहायला गेला म्हणे. कधी गेला?

ढगाळहवा

पहिला दगड बसवल्यापासून नऊ महिन्यांत. २० मार्च १८१४. मधे सहा आठवडे हिमाने काम बंद होतं. मित्र सांगत होते, जाऊ नका, मराल. त्याच रात्री स्वयंपाकीण आणि मांजर असलेली शेवटची गाडी चिखलात अडकली, तर हा कंदील घेऊन बाहेर पडला आणि बाराच्या आत त्यांना घरात आणून मुदतीत राहायला येण्याचा आर्चबिशपला दिलेला शब्द पाळला.

कडीकोयंडा

ते हिम साधंसुधं नव्हतं. १८१४ च्या फेब्रुवारीत लंडनला थेम्स गोठली होती आणि बर्फावर जत्रा भरली होती. त्यानंतर तशी जत्रा पुन्हा भरली नाही.

गवंडीकाका

मग बरोबर. माझं आयुष्य पुण्यात वाड्यांच्या दुरुस्तीत गेलं, चुन्याशी रोजचा संबंध. चुना सिमेंटसारखा दोन दिवसांत आवळत नाही. तो हवेतून कार्बन डायऑक्साइड घेत हळूहळू पुन्हा दगड होतो, त्याला महिने लागतात. गिलावा जाड असेल तर आणखी. ओला असताना हिम पडलं की आतलं पाणी गोठून फुगतं आणि थर सुटतो. म्हणून सहा आठवडे काम थांबवलं ते शहाणपणाचं केलं. पण मार्चमध्ये शेकोट्या पेटवून माणसं आत घेतली की भिंतीतलं उरलेलं पाणी आणि माणसांच्या श्वासाची वाफ गार भिंतीवर जमणारच. तेच ओघळत असणार. भिंत खराब नव्हती, घाई होती.

आता सल्ला न विचारता देतो. अशा जुन्या विटांच्या घराला सिमेंटचं पॉइंटिंग कधी करू नका. चुन्याचा सांधा विटेपेक्षा मऊ असतो, ओल त्यातून बाहेर पडते. सिमेंटने तो बंद केला की ओल विटेतून वाट काढते आणि दोनचार हिवाळ्यांत विटेचा चेहरा सोलून निघतो. सदाशिव पेठेत हे रोज बघतो. इंग्लंडची वीट काही वेगळ्या धर्माची नाही.

उंबरठा

गवंडीकाका, हे आधी कुणी सांगितलं असतं तर! मी श्रॉपशरमध्ये अशाच एका जुन्या पाद्रीघराच्या अर्ध्या भागात भाड्याने राहते. ते ‘डौलदार’ वगैरे सगळं खरं, बाहेरून. आत जानेवारीत दोन स्वेटर घालून पोळ्या लाटते. खिडक्या वरखाली सरकणाऱ्या. चौकटीच्या पोकळीत दोरीला लोखंडी वजनं टांगलेली असतात, त्यांच्या तोलावर खिडकी एका बोटाने वर जाते. कल्पना सुंदर आहे. पण त्याच पोकळीतून वारा येतो. घर संरक्षित यादीत आहे, त्यामुळे दुहेरी काच बसवायला कौन्सिलची परवानगी लागते, आणि ती मिळाली नाही. शेवटी मालकाने आतून वेगळी तात्पुरती काच लावली, आणि जुन्या लाकडी झडपा आहेत त्या संध्याकाळी आठवणीने बंद करते. झडपांचा खरा उपयोग हाच होता हे राहिल्यावर कळतं.

एक मात्र कबूल. दक्षिणेकडच्या खोल्यांत हिवाळ्यातही दुपारी ऊन थेट मागच्या भिंतीपर्यंत जातं. दिवा लावावा लागत नाही.

तिरकीवीट

उंबरठा, त्याचं कारण उंच खिडकी आणि माफक खोलीची खोली (हा विनोद नाही). उत्तरेकडच्या देशात सूर्य हिवाळ्यात क्षितिजाजवळ असतो. ग्रीसमध्ये ऊन अडवायला खांबांचा सज्जा लागतो, इंग्लंडमध्ये तोच सज्जा लावला की दिवाणखाना अंधारतो. पाद्र्यांनी खांब दारापुरते ठेवले किंवा गाळले, त्यात पैशाइतकाच उजेडाचाही विचार आहे.

मुंबईत उलटं. टाउन हॉलचा डोरिक सज्जा तिथल्या उन्हात आणि पावसात खऱ्या अर्थाने कामाला येतो.

कडीकोयंडा

टाउन हॉलचं नाव निघालंच आहे तर ऐका. या स्मिथचा एक जिवलग मित्र होता सर जेम्स मॅकिंटॉश. तो १८०४ मध्ये मुंबईला रेकॉर्डर, म्हणजे मुख्य न्यायाधीश म्हणून आला आणि त्याच वर्षी परळला त्याने लिटररी सोसायटी ऑफ बॉम्बे काढली. तीच आजची एशियाटिक सोसायटी. १८३३ मध्ये टाउन हॉल पूर्ण झाला आणि सोसायटीचं ग्रंथालय तिथे गेलं. तीस पायऱ्या चढून आपण ज्या खांबांखाली बसून डबा खातो ते.

मॅकिंटॉश इंग्लंडला परतल्यावर फॉस्टनला राहायला गेला होता. निघताना टोपी, पुस्तकं, हातमोजे, कागद, बरेचसे कपडे घरभर विसरून गेला.

माहीम_हलवा

एशियाटिकची माणसं अशीच. माझी छत्री अजून तिथेच आहे.

सावळागोंधळ

स्मिथचं फार कौतुक चाललंय म्हणून आठवण करून देतो. १८०८-०९ मध्ये याच माणसाने भारतातल्या मिशनऱ्यांची यथेच्छ टवाळी केली होती. विल्यम केरी आधी चांभारकाम करायचा, त्यावरून त्याच्या लोकांना ‘पवित्र केलेले चांभार’ म्हणाला. हाच केरी म्हणजे ज्याने १८०५ मध्ये मराठीचं व्याकरण छापलं, १८१० मध्ये कोश. हाताने काम करणाऱ्याला हसणारा माणूस पुढे स्वतःच विटा पाडायला निघाला आणि भट्टी वाया घालवली, हे मला फार आवडलं.

चिंचपेटी

सावळागोंधळ, टवाळी हीन होती, दुमत नाही. पण धर्मांतराच्या घाईने राज्य धोक्यात येईल हा त्याचा मुद्दा तेव्हा कंपनीचे कितीतरी अधिकारी मांडत होते. आणि कॅथलिकांना हक्क मिळावेत म्हणून हाच माणूस आपल्याच चर्चच्या विरोधात वर्षानुवर्षं लिहीत राहिला. दोन्ही एकाच माणसात होतं.

सावळागोंधळ

असेल. मी फक्त भट्टीवर खूश आहे.

माहीम_हलवा

मूळ प्रश्नाला एक सुरुंग लावतो. मेकॉले, होय तोच आपला शिक्षणवाला आणि दंडसंहितावाला, १८२६ मध्ये फॉस्टनला एक मुक्काम करून आला. पत्रात लिहितो की इतकं नीटस, सोयीचं आणि पाद्र्याला शोभणारं घर पाहिलं नाही. पण सजावट कशी? ‘गंभीर, साधी आणि गॉथिक’! गॉथिक! आता बोला तिरकीवीट.

तिरकीवीट

बोलतो की. मेकॉले सजावटीबद्दल बोलतोय, सांगाड्याबद्दल नाही. त्या काळात घराचा नकाशा आणि प्रमाणं क्लासिकल ठेवून आत पुस्तकांच्या कपाटाला, दाराच्या चौकटीला टोकदार कमानी देणं सर्रास चालायचं. गॉथिक म्हणजे चर्चचं वळण, पाद्र्याच्या घरी तेवढी खूण पुरे. स्मिथचं सामान तरी काय होतं? गाडीभर फळ्या आणल्या. गावातला एक सुतार मदत मागायला आला होता, त्याला कोठारात बसवलं आणि सांगितलं, घर सजव. त्या सुताराला कुठल्या वळणाची कमान जमत होती त्यावर शैली ठरली असेल.

खरं भांडण पुढे झालं. १८३० नंतर प्युजिन नावाचा वास्तुविशारद उभा राहिला आणि म्हणाला, ग्रीक-रोमन शैली म्हणजे मूर्तिपूजकांची, ख्रिस्ती माणसाची शैली एकच, टोकदार कमानीची. मग पाद्रीघरांतून समतोल गेला. एका बाजूला उंच त्रिकोणी भिंत, दुसरीकडे ठेंगणी, खिडक्या जिथे खोलीला हव्या तिथे. व्हिक्टोरियन रेक्टरी लांबून ओळखू येते ती यामुळेच. फॉस्टन त्या भांडणाच्या अलीकडचं आहे. तिथे दोन्ही सुखाने नांदतात.

चिंचपेटी

याला जोडून कादंबरीकार जेन ऑस्टिनचं उदाहरण. ती वाढली ती स्टीव्हंटनची रेक्टरी जुनी, वेळोवेळी वाढवलेली होती. तिच्या मृत्यूनंतर काही वर्षांतच ती पाडली आणि तिच्या भाच्यासाठी समोरच्या टेकडीवर नवं, नीटनेटकं घर बांधलं. आज चाहते जातात तर जुन्या घराच्या जागी शेत.

उंबरठा

मग ही सगळी घरं चर्चने विकली का? आमच्या मालकाच्या आजोबांनी कवडीमोलाने घेतलं म्हणे.

चिंचपेटी

विसाव्या शतकात, विशेषतः दुसऱ्या महायुद्धानंतर, धडाधड विकली. नोकरचाकर गेले, चारपाच गावं मिळून एक पाद्री झाला, आणि त्याच्या पगारात बारा खोल्या तापवणं शक्य नव्हतं. १९७६ च्या चर्चच्या कायद्याने गावोगावच्या पाद्र्यांच्या नावची जमीनही बिशपांच्या मंडळांकडे गेली. माझ्या मते विकण्यात घोडचूक झाली. आज ‘ओल्ड रेक्टरी’ या पाटीनेच किंमत चढते, आणि तो पैसा चर्चला मिळत नाही.

गवंडीकाका

घोडचूक कशी? छप्पर कोण शाकारणार होतं? ज्यांना विकली त्यांच्याकडे दुरुस्तीला पैसा होता म्हणून घरं उभी आहेत. पुण्यातले वाडे भाडेकरूंच्या आणि मालकांच्या भांडणात पडले, ते विकले गेले असते तर काही तरी वाचले असते.

चिंचपेटी

काका, वाडे विकले की वाचत नाहीत, टॉवर होतात. तिकडे वाचली ती संरक्षित यादीमुळे, विकल्यामुळे नव्हे.

गवंडीकाका

हे मात्र खरं. यादी आपल्याकडेही आहे, दुरुस्तीला पैसा नाही.

ढगाळहवा

सगळ्यांचे आभार. मित्राला धागा वाचून दाखवला, मराठीचं इंग्रजी करत. तिरकीवीट यांचा हाडं-दागिने मुद्दा त्याने मानला नाही. म्हणाला, मग इंग्लंडमधलं प्रत्येक सममित घर निओ-क्लासिकल होईल. चिंचपेटी यांचं उत्तर मात्र त्याला पटलं, की मालकी नसलेल्या माणसाने अनोळखी वारसासाठी बांधलेलं घर असंच दिसणार.

तिरकीवीट

मित्राला अर्धे गुण. प्रत्येक सममित घर नाही, पण १७५० ते १८३० मधली निम्मी तरी त्याच कुळातली. त्यांना सरसकट जॉर्जियन (त्या काळच्या जॉर्ज राजांवरून) म्हणतात, हवं तर तसं म्हणा. आणि माझं आणि चिंचपेटी यांचं म्हणणं एकच आहे: ही शैली नमुन्यावर चालते, आणि कर्ज देणाऱ्याला नमुनाच हवा असतो. ‘कीर्तीसाठी नव्हे, वापरासाठी’ म्हणणाऱ्या माणसाने स्वतःच्या डोक्याने काढलेला नकाशा त्याच नमुन्याच्या घरात बसतो, यातच शैली किती मुरली होती ते आलं.

कडीकोयंडा

प्रत्यक्ष आतून बघायचं असेल तर हॉवर्थला जा. लेखिका ब्राँटी बहिणींचं घर, १७७८-७९ चं, दगडी, मधे दार, दोन्हीकडे खिडक्या. १८२० मध्ये वडील पॅट्रिक ब्राँटी तिथे आले, १९२८ पासून संग्रहालय आहे. उजवीकडचा उंच भाग मात्र त्यांच्या नंतरच्या पाद्र्याने वाढवलेला, तो डोळ्यांआड करून बघा, म्हणजे मूळ घराचा तोल लक्षात येतो. फॉस्टनला गेलात तर घर रस्त्यावरूनच, पण चर्च चुकवू नका. दक्षिणेचं दार नॉर्मन काळातलं कोरीव आहे, रेक्टरीहून सहाशे-सातशे वर्षांनी थोरलं.

नांगरट

त्या पाद्र्यानं शेती बी केली आसंल ना, ती जमली का शेवटी?

ढगाळहवा

तीनशे एकर, आणि सुरुवातीला सलगम आणि गाजर यांतला फरक कळत नव्हता असं तोच सांगतो. पण जमवली. दारात उभं राहून मोठ्या कर्ण्यातून गड्यांना हुकूम सोडायचा आणि दुर्बिणीतून बघायचा. गुरांसाठी एक युक्ती काढली: दोन खांब, एक उंच, एक बुटका, त्यांवर तिरका टाकलेला धारदार कडांचा वासा. घोड्यापासून कोकरापर्यंत ज्याला जिथे खाज सुटेल त्याने त्या उंचीला येऊन घासावं. १८२९ पर्यंत तिथेच होता, मग सॉमरसेटला गेला.

नांगरट

ही अक्कल खरी. आमच्या म्हशी पाण्याच्या टाकीचा कोपरा घासून घासून प्लास्टर काढत्यात. वरचं टोक किती उंच धरायचं काय लिवलंय का?

ढगाळहवा

माप दिलेलं नाही हो.

नांगरट

मग वरचं टोक म्हशीच्या पाठीएवढं आणि खालचं वासराच्या मानंएवढं धरतो. बाभळीचा वासा पडलाय घरी. धार नको पण, गाठी तशाच ठिवतो.

गवंडीकाका

खांब रोवताना खाली दगडाची भर घाला. म्हैस टेकली की मातीत हलतो.